कल्लप्पाच्या नावचा नारळ

सकाळचा पयला भोंगा झाला तवापास्नं मी तालमीच्या कट्ट्यावर नुसता बसत हुतो आन् उठत हुतो. बूड टेकलं की वाटायचं, गल्लीच्या तोंडाला कुणीतरी आलं. उठून बगावं तर शेळी.

आत डॉक्टरबाई यंत्र मांडून बसल्या हुत्या. यंत्र म्हंजे काय, तर पाण्याच्या डब्यात पालथं घातलेलं एक डबडं. रबरी नळीत माणसानं फुंकलं की डबडं वर उचलायचं आन् शेजारच्या कागदावर टाक सरसर रेघ वढायचा. जितका दम, तितकी रेघ उंच. चाळीतल्या लोकांनी यंत्र बगितलं न्हवतं, पर नाव ठिवून मोकळे झाले हुते. फुंकणी. आन् माजं नाव फुंकणीवाला.

"संगप्पा, किती जण येतील म्हणालात?" बाईंनी आतनं इचारलं.

"पन्नास तर कुटं गेले न्हाइत बाई."

दुसरा भोंगा झाला. गिरणीचं दार लागलं. पन्नासातला एक बी आला न्हवता.

शहात्तर सालची ही गोष्ट. विजयमालाबाई युनिवर्सिटीच्या डॉक्टर. कापसाच्या धुळीनं माणसाची छाती कशी बिगडती, ते शोदायला सोलापुरात आल्या हुत्या. त्यांना माणसं पायजे हुती कार्डिंगची. कार्डिंग म्हंजे जितं कापूस पिंजतात ते खातं. तितली माणसं पाळी सुटून भाईर आली की लांबनं वळखायची, भुवया पांढऱ्याफेक. तिशीतला गडी आजोबा दिसायचा. आन् ती माणसं पायजेत सोमवारी. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती जास्त धरती म्हणं. सकाळी कामावर जायच्या आदी एकदा फुंकायचं, सांजच्याला सुटल्यावर एकदा. दोन रेघा शेजारी ठिवायच्या.

मला कशापायी घेतलं, तर माज्या तोंडापायी. चौथीत मास्तरनं कान पिळला तवा शाळा सुटली ती सुटलीच; पर मराठी, कानडी, तेलगू आन् आमच्याकडची मुसलमानी बोली, चारी भाषांत मी भांडू शकतो. टांग्यावर कर्णा लावून शिनिमाची जाहिरात करायचो. "आज शेवटचा खेळ, आज शेवटचा खेळ" म्हणत एकेक शिनिमा मी चार चार आठवडे पळवलाय. अख्खी गिरणचाळ मला आवाजावरनं वळखायची.

त्याच्याआदी नऊ वर्सं मी कार्डिंगातच हुतो. का सोडलं म्हणून कुणी इचारलं की मी सांगायचो, जॉबरच्या, म्हंजे मुकादमाच्या, थोबाडीत दिली म्हणून. लोकांना ती गोष्ट लई आवडायची. सांगून सांगून मलाबी आवडाय लागली हुती.

माणसं का येइनात, तेबी बाईंना मीच सांगितलं. त्या साली युनिवर्सिटीची जीप दिसली की गडी मागच्या भिताडावरनं उड्या टाकायचे. नसबंदीवाले आले म्हणून. एकजण तर माज्या देखत म्हशीच्या गोठ्यात लपला, म्हस बाळंत व्हायला आलीय म्हणून सांगितलं. मी म्हणलं, लेका तो रेडा हाय.

आन् दुसरं भ्या गिरणीचं. छाती खराब म्हणून कागदावर आलं आन् तो कागद आफिसात गेला, तर उद्या हाकलून देतील की.

"कागदावर नाव नसतंच," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला नंबर. कोणाचा नंबर कुठला, ते फक्त माझ्या वहीत. ती वही गिरणीला दाखवणार नाही, कधीच नाही. हे लोकांना पटवणं एवढंच तुमचं काम."

एवढंच!

मी सरळ कल्लप्पाकडं गेलो. कल्लप्पा कार्डिंगात बावीस वर्सं. तालमीचा वस्ताद. मी त्याला कल्ल्या म्हणतो, तो मला संग्या. कल्ल्या फुंकणीवर आला की त्याच्या मागनं चाळ येनार, हे मला ठावं हुतं. आन् कल्ल्या हल्ली जिना चढताना मदल्या पायरीवर थांबून कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याकडं लई बारकाईनं बगतोय, तेबी मला ठावं हुतं.

"बर्री, कूडरी," दानम्मावैनी म्हणाल्या. या, बसा. चहा टाकला.

"फुंकणी आणलीस काय रं खिशातनं?" कल्ल्या म्हणला.

"चेष्टा सोड. सोमवारी दम लागतोय का न्हाय तुला?"

"सोमवारचा उपास असतोय. उपाशीपोटी लागतोय थोडा."

"तुज्या खात्यातल्या खाजासाबलाबी लागतोय. त्यो कुटं धरतोय सोमवार? मला म्हणला, मेरेकू क्या उपास नै, फिर बी सीना पकडतै."

कल्ल्यानं दार लोटून घेतलं. मग म्हणला, "संग्या, माज्या पोरीचं लगीन ठरलंय. आता जर आफिसात गेलं, की कल्लप्पा खलास झालाय..."

मी अंगरख्याच्या आत हात घातला आन् गळ्यातल्या लिंगावर ठिवला. "ह्याची आण. तुजं नाव गिरणीच्या दारापातूर जायाचं न्हाय. गेलं तर माज्यामुळं गेलं म्हण."

लिंगाची आण आमच्या लिंगायतांत काय गमतीची न्हाय. वैनींच्या हातातली कपबशी थांबली. कल्ल्या म्हणला, "बगतो."

दुसऱ्या सोमवारी चारजण आले. दोघं जाब इचारायला, एक तालमीत काल इसरलेला लंगोट न्यायला, आन् एक खरंच फुंकायला. त्याला उबळ आली आन् तो नळी टाकून पळाला. कल्लप्पा आला न्हाय.

बाईंनी कागद गुंडाळून ठिवलं. महिन्याभरात दीडशे माणसं न्हाय झाली तर युनिवर्सिटी हे काम बंद करनार, एवढं त्या आदीच बोलल्या हुत्या. मी घरला आलो तर बसवंना. भाकरी उभ्यानं खाल्ली. काशम्मा, माजी बायकू, म्हणली, "अवो, घरात येरझाऱ्या घालू नका, शेण निघतंय जमिनीचं."

मी चपला घालून भाईर पडलो. चालत चालत नव्या पेठंत आलो. एका दुकानाफुडं नारळाचा ढीग हुता. आन् माज्या डोस्क्यात आलं.

बगा, तालीम कशाची हाय? पैलवानांची. पैलवान कशाला भुलतो? कुस्तीला. मग ही फुंकायची कुस्ती!

त्या शनवारी मडिवाळप्पाच्या टांग्यावर कर्णा बांदला आन् चाळीचाळीतनं फिरलो. "कार्डिंग खात्याच्या मर्दांनो! सोमवारी तालमीत या! फुंका आन् नारळ जिंका! कुणाची छाती वाघाची, कुणाची शेळीची, सोमवारी सांजच्याला ह्याच कर्ण्यावर ऐका!" मराठीत म्हणलं, कानडीत म्हणलं, तेलगूत म्हणलं. बाई नव्या पेठंच्या पलीकडं लॉजवर राहायच्या. त्यांच्या कानावर ह्यातलं काय गेलं न्हाय. मीबी घातलं न्हाय.

सोमवारी रांग तालमीपास्नं थेट पाण्याच्या टाकीपातूर.

काय सांगू! पोरं दंड थोपटून आत यायची. नाकाला चाप लावला की डोळं वटारायची, अशी फुंकायची की डबडं पाण्यातनं भाईर पडतंय का काय. बाई दर माणसाला नंबर देत हुत्या, मी भाईर रांग सांबाळत हुतो. कुणाची रेघ कुटं गेली ते मी वाकून बगत हुतो आन् मनात ठिवत हुतो.

रांगंत कल्ल्याचा भाचा चन्नवीर हुता. पंचविशीचा गडी, साच्याखात्यात म्हंजे मागावर कामाला, मान म्हणजे नुसता ओंडका. माज्या कानाला लागला. "अण्णा, मी मामाच्या नावावर फुंकतो. मामा येत न्हाय. लोक इचाराय लागलेत, वस्ताद का आला न्हाय म्हणून."

मी त्याला भाईर काडायला पायजे हुतं. पर रांग बगून मला झिंग चढलेली. म्हणलं, जाऊ दे, एक नाव तर एक नाव.

चन्नवीरनं फुंकलं. टाक कागदाच्या वरच्या कडंला जाऊन थटला.

सांजच्याला बाई लॉजवर गेल्यावर चौकात टांगा उभा केला. गर्दी ही! "कार्डिंग खात्यात एक नंबर... बावीस वर्सं कापूस खाऊनबी ज्याची छाती रेड्याची... आपले वस्ताद, कल्लप्पा!" शिट्ट्या झाल्या. नारळ चन्नवीरनंच नेला, मामाला देतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाई कागद पसरून बसल्या हुत्या. मला वाटलं, शाबासकी मिळनार.

"संगप्पा, काहीतरी विचित्र आहे. इथल्या कार्डिंगवाल्यांची छाती माझ्या कॉलेजातल्या पोरांपेक्षा चांगली निघते."

"आमच्या पाण्याचा गुण हाय बाई."

त्या हसल्या न्हाइत. कोपऱ्यात नारळाच्या शेंड्या पडल्या हुत्या, तिकडं बगितलं. "हे काय?"

मी सगळं सांगितलं. आदी जरा फुगवून सांगाय लागलो, पर त्यांच्या तोंडाकडं बगून बारीक बारीक होत गेलो. बाईंनी चष्मा काडला, पुसला, परत घातला न्हाय.

"शर्यत म्हटल्यावर कोण येणार? ज्याला जिंकायची खात्री तोच ना? मी ज्यांच्यासाठी आले ते सगळे घरात बसून राहिले." त्यांनी तांबडी पेन्सल घेतली आन् त्या दिवसाच्या सगळ्या पानांवर एकेक आडवी रेघ मारली. "आणि नावं कर्ण्यावरून सांगितलीत?"

"जिंकलेल्यांचीच सांगितली बाई. खराब छातीवाल्यांची न्हाय."

"ज्यांची सांगितली नाहीत, ते कोण हे कळलंच ना सगळ्यांना."

हे माज्या डोस्क्यात आलंच न्हवतं. मी कट्ट्यावर येऊन बसलो. उठलो. परत बसलो. गळ्यातलं लिंग अंगाला टोचाय लागलं.

बुधवारी काशम्मा नळावरनं घागर घेऊन आली, ती घागर खाली ठिवायच्या आदीच बोलली. "तुमच्या नारळानं कल्लप्पाअण्णाला खड्ड्यात घातलं."

"काय झालं?"

"जॉबरनं त्यांना दाते साफ करायला लावलंय."

तुमाला सांगतो, पिंजायच्या यंत्राला तारंचे दाते असतात, त्यात बारीक भुसा अडकतो. बरशानं तो झाडून काडायचा. त्या जागंवर समोरचा माणूस दिसत न्हाय इतकी धूळ. पोरंसुद्दा तितं पंदरा दिवसाच्या वर टिकत न्हाइत. जॉबर कल्ल्याला म्हणला म्हणं, "वस्ताद, युनिवर्सिटीनं सर्टिफिकीट दिलंय तुमाला. चाळभर ऐकलंय आमी. रेड्याच्या छातीला हीच जागा बरी."

नाव गिरणीत गेलं हुतं. मीच नेलं हुतं, कर्णा लावून.

तसाच उठून कल्ल्याकडं गेलो. दार उघडं हुतं. दानम्मावैनींनी मला बगितलं आन् तोंड फिरवलं. बर्री न्हाय, कूडरी न्हाय. कल्ल्या जमिनीवर बसला हुता, फुडं वळकटी घेऊन तिच्यावर कोपरं टेकून. भुवयांवर कापूस तसाच. श्वास घेताना खांदे वर जात हुते, जशी पाण्याची कावड उचलतोय.

देवळीत नारळ हुता. फोडलेला न्हवता.

"आणखी एक आणलास काय?" कल्ल्या म्हणला. मदी थांबून म्हणला.

"कल्ल्या, चुकलं माजं."

"आण घेतलीस तू. लिंगाची."

मी उभाच राहिलो. बसा म्हणल्याशिवाय बसायचं कसं?

"चन्नवीरला मी पाटवलं न्हवतं," तो म्हणला. "नारळ घेऊन आला तवा मला कळलं. आता खरं बोललो तर त्यो लबाड, मी लबाड, तालीम लबाड. न्हाय बोललो तर..." त्यानं हातानंच धूळ झाडल्यावानी केलं.

"बाईंना इचारून येतो मी. काय करता येतंय का बगतो."

"बग. पळायचीच सवय तुला."

हे त्यानं कशावरनं म्हणलं ते मला बराबर कळलं; मी गिरणी सोडली तवा त्यो त्याच खात्यात हुता. मी खाली मान घालून जिना उतरलो. मदल्या पायरीवर थांबलो. कोळ्याचं जाळं बगत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणल्या, "ते स्वतः येऊन फुंकले, सकाळी आणि संध्याकाळी, तर मी त्यांच्या हातात चिठ्ठी देऊ शकते, ह्या माणसाला धुळीच्या खात्यातून काढा म्हणून. चिठ्ठी त्यांच्या हातात. द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. पण न तपासता मी काही लिहू शकत नाही."

"त्यो येनार न्हाय बाई. पैलवान माणूस. चारचौगांत कमी फुंकून दाखवायचं म्हंजे..."

"मग?"

मग काय, ते माजं काम हुतं. माणसं पटवायचं काम. पगार त्याचाच घेत हुतो.

बेस्तरवार, सुक्करवार, शनवार. मी तीन दिवस नुसता चालत हुतो. गिरणीच्या दारापास्नं टाकीपातूर, टाकीपास्नं तालमीपातूर. रोज पाळी सुटायच्या वक्ताला दाराफुडं उभा राहायचो. कल्ल्या सगळ्यांच्या मागनं यायचा. आता नुसत्या भुवया न्हाय, कानातले क्यास, पापण्या, सगळं पांढरं. माज्याकडं न बगता जायचा. शनवारी तर चन्नवीर त्याच्या काखंत हात घालून चालला हुता.

काशम्मानं शेवटी मला हटकलं. "काय चाललंय तुमचं?"

"लोकांना कसं सांगू कळंना, की दम कमी असनं ही काय लाज न्हाय म्हणून."

"तुमी सांगनार?" ती भाकरी थापत हुती, हात न थांबवता म्हणली. "माज्या फुडं आडवं पडून खोकताय. लोकांफुडं जॉबरच्या थोबाडीत मारताय."

मी बसलो. त्या आठवड्यात पयल्यांदा नीट बसलो.

रविवारी सांजच्याला मडिवाळप्पाला टांगा जुंपाय लावला. चौकात आलो. कर्णा चालू केला. "ऐका हो ऐका," म्हणल्यावर बायका-माणसं गॅलरीत आली, पोरं धावली. सगळ्यांना वाटलं, परत नारळ.

"नारळ बंद," मी म्हणलं. "नारळाची अक्कल माजी हुती, युनिवर्सिटीची न्हाय. बाईंनी मला सांगितलं हुतं, कुणाचं नाव घ्यायचं न्हाय. मी घेतलं. हितनं फुडं कुणाचं नाव, कुणाचा आकडा माज्या तोंडातनं भाईर पडला, तर मला ह्याच टांग्याला घोड्याच्या जागी जुंपा."

"घोड्याचा अपमान हाय त्यो!" वरनं कुणीतरी वरडलं. लोक हसले.

मग मी कर्णा बंद केला. मडिवाळप्पा म्हणला, काय झालं, बॅटरी उतरली काय? मी टांग्यावरनं खाली उतरलो आन् चौकाच्या मदी उभा राहिलो.

"आता बिन कर्ण्याचं ऐका," मी म्हणलं. जोरात बोलाय गेलो. "मी गिरणी सोडली ती जॉबरला मारून न्हाय. जॉबरनंच मला... बाकड्यावर बसवून पाणी पाजलं हुतं त्या दिवशी. माजी छाती..."

दम संपला. हितंच. चौकाच्या मदोमद. अख्ख्या चाळीनं पंदरा वर्सं माजा आवाज ऐकला हुता, तो कर्ण्याचा आवाज हुता. कर्ण्यामागचा दम कुणी ऐकला न्हवता. खोकला आला तो थांबंना. मी गुडघ्यावर हात ठिवून वाकलो. एक म्हातारी तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन मी राहिलेलं बोललो, दोन दोन शब्द करून.

"माजी छाती, गेली. नऊ वर्सांत, गेली. उद्या सकाळी, पयला मी, फुंकनार. बगायला, या. जितका कमी, तितका, बाईंच्या, कामाचा."

कल्ल्याची गॅलरी दुसऱ्या माळ्यावर. तितं दानम्मावैनी उभ्या हुत्या. कल्ल्या दिसला न्हाय.

सोमवारी पयल्या भोंग्याच्या आदीच मी तालमीत. दारात धा-बारा माणसं हुती, बगे. आत कुणी येइना. बाई म्हणल्या, "तुम्ही आता गिरणीत नाही, तुमची नोंद मला धरता येणार नाही."

"धरू नका. पर फुंकू द्या."

नाकाला चाप लावला. नळी तोंडात घेतली. जिवाच्या आकांतानं फुंकलं. डबडं जरा हाललं, पाण्यावर तवंग हालावा तसं, आन् बसलं. टाकानं कागदावर वढली ती रेघ न्हवती, मुंगीचं वारूळ हुतं. मी तो कागद दाराकडं फिरवून दाखवला. माजा आकडा माजा हाय, मी कुणालाबी दाखवीन.

खाजासाब दारातनं म्हणला, "अरे संगप्पा, इत्ता तो मेरी बकरी बी फूँकती!"

"मग आण तिला," मी म्हणलं, "आन् तूबी ये."

तो आला. त्याच्यानंतर कापसाचा टाकाऊ भाग निवडणाऱ्या बजाबाई, डोक्यावर पदर घट्ट वढून, म्हणल्या, आमचं बायकांचं चालतंय काय? बाई उठून उभ्याच राहिल्या. मग एकेक सुरू झालं. जे महिनाभर गल्ली बदलून जायाचे, ते. भिताडाला धरून येनारे. फुंकलं की खोकायचे, खोकून झालं की एकमेकांकडं बगून हसायचे. मी दाराबाहेर कट्ट्यावर बसलो, यंत्राकडं पाठ करून. बगायचंच न्हाय म्हणलं. पर बसवंना. भोंग्याला धा मिंटं राहिली हुती आन् कल्ल्याचा पत्ता न्हवता.

पाच मिंटं राहिली तवा आला. चन्नवीर मागं, मान खाली घालून. कल्ल्या पायरीवर थांबला, श्वास घेतला, माज्याकडं बगितलं.

"काल लई खोकलास," म्हणला.

"तू कुटं ऐकलंस?"

"दाराआड हुतो." आन् आत गेला.

आत गेल्यावर चन्नवीरचा आवाज ऐकू आला. "बाई, मागल्या वक्ती मामाच्या नावावर मी फुंकलो हुतो." बाई काय म्हणल्या ते ऐकू आलं न्हाय. मग डबड्याचा बारीक आवाज.

कल्ल्या भाईर आला तवा हातात घडी केलेली चिठ्ठी हुती. "आत्ता लगीच दिली बाईंनी," म्हणला. "सांजची वाट बगायची गरज न्हाय म्हणल्या." त्यानं चिठ्ठी चंचीत घातली, पानाच्या खाली. द्यायची का न्हाय, कुणाला द्यायची, काय बोलला न्हाय. मीबी इचारलं न्हाय. भोंगा झाला, तो गेला.

तो दिवस कसा काडला, मलाच ठावं. पोरीचं लगीन. दिली चिठ्ठी आन् जॉबरनं सरळ घरची वाट दाखवली तर? न्हाय दिली तर दात्यावर किती दिवस काडनार? दुपारी जेवलो का न्हाय आठवत न्हाय. तालीम झाडली. दोनदा झाडली. बाई म्हणल्या, "संगप्पा, बसा हो." मी बसलो आन् उठलो.

पाच वाजता भोंगा झाला. कार्डिंगवाले सुटले. पांढरे, सगळे पांढरे, जशी पिठाच्या गिरणीतनं निघालेली. मी एकेक तोंड शोदत हुतो. खाजासाब आला, बजाबाई आल्या. कल्ल्या न्हवता. बजाबाईंना इचारलं, त्यांनी हात हालवले, मला ठावं न्हाय म्हणून.

शेवटाला कापडाच्या घडीखात्याचे लोक येत हुते, स्वच्छ, आंगावर कापसाचा कण न्हाय. त्यांच्यात एक माणूस सावकाश चालत हुता. मी त्याच्यावरनं नजर फिरवली आन् फुडं गेलो, मग परत आलो. कल्ल्या. भुवया काळ्या. बावीस वर्सांत पाळी सुटताना त्याच्या भुवया काळ्या मी बगितल्या न्हवत्या. त्यामुळंच वळखला न्हाय.

"काय म्हणला जॉबर?" मी इचारलं.

"म्हणला, नारळवाला पैलवान बायकांवानी घड्या घालनार."

"मग?"

"मग काय, घातल्या. सवय न्हाय, वाकड्या येतात." तो कट्ट्यावर बसला. "मोठ्या सायबाच्या हातात दिली चिठ्ठी, जॉबरच्या न्हाय. महिनाभर घडीवर ठिवतो, फुडचं फुडं बगू, म्हणला."

महिनाभर. म्हंजे अजून सगळं लोंबकळतच हुतं. पर त्या दिवशी तरी दाते न्हवते.

तो आत जाऊन दुसऱ्यांदा फुंकून आला. बाईंनी वही मिटली. आमी दोघं कट्ट्यावर बसलो. कल्ल्यानं धोतराच्या सोग्यातनं तो नारळ काडला, देवळीतला. सकाळपास्नं चन्नवीरकडं ठिवला हुता म्हणं. पायरीवर आपटून फोडला. सोमवार हुता, उपासाला चालतोय. एक भकल मला दिलं, एक आत बाईंना दिऊन आला.

मग खोबरं चावत माज्याकडं झुकला. "संग्या, खरं सांग. तू भाईर बसला हुतास, पर तुजी नजर मला ठावी हाय. कागद बगितला असनार तू. तुज्यापेक्षा कमी का जास्त?"

आन् मी बगितला हुता. दुपारी आत झाडायला गेलो तवा बाईंच्या टेबलावर वरच पडला हुता. त्याची सकाळची, सगळ्यांत शेवटची रेघ.

"सांग की लेका. आपल्या आपल्यात."

"न्हाय सांगत."

"मला माजाच आकडा न्हाय सांगत?"

"बाईंना इचार. तुजा हाय, त्या सांगतील. माज्या तोंडातनं न्हाय."

कल्ल्या हसाय लागला. हसता हसता त्याला खोकला आला, त्याचा बगून मला आला. दानम्मावैनी गल्लीच्या तोंडाला आल्या हुत्या, नवऱ्याला न्यायला. आमा दोघांना असं वाकून खोकताना बगून त्या तितंच थांबल्या. मग जवळ आल्या आन् माज्याकडं बगून म्हणल्या, "हितं काय बसलाय? घरला चला. बर्री."

मी उठलो.